उथळ पाण्यातील प्रवाळ पाहताना: स्वराज द्वीपावरील पहिल्या स्कुबा डायव्हची पद्धत

पुण्या-मुंबईहून अंदमानला जाणाऱ्या बहुतेकांच्या कार्यक्रमात स्वराज द्वीपावरील, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवरील, स्कुबा डायव्ह हमखास असतो. ‘पाणी उथळच आहे, फार तर दहा-बारा मीटर’ एवढे ऐकले की माणसे निर्धास्त होतात. ही माहिती खरी असली, तरी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो, कारण समुद्रात दाबाचा सर्वांत मोठा बदल पहिल्या १० मीटरांतच होतो. पृष्ठभागावर एक वातावरणाइतका असलेला दाब १० मीटरवर दुप्पट होतो. तो पुन्हा एकदा दुप्पट व्हायला थेट ३० मीटरपर्यंत उतरावे लागते. कान दुखणे, शरीर आपल्या मनाविरुद्ध वर-खाली होणे, श्वास रोखल्यास फुफ्फुसाला इजा होणे हे सारे त्यामुळे उथळ पाण्यातच अधिक लवकर घडते. आणि ज्यांच्यासाठी आपण इतक्या दूर जातो ते प्रवाळही याच थरात, सूर्यप्रकाश पोहोचतो तिथे, हाताच्या अंतरावर असतात. ज्यांनी यापूर्वी कधी डायव्ह केलेला नाही, किंवा एक-दोनदाच केला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

निघण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

पहिला निर्णय असा की प्रशिक्षकाच्या सोबतीने एकदाच खाली जाऊन यायचे, की रीतसर शिकायचे. पहिल्या प्रकाराला प्रमाणपत्र किंवा पोहणे येण्याची अट नसते, खोलीची मर्यादा १२ मीटर असते आणि प्रशिक्षक सतत जवळ असतो. दुसरा प्रकार म्हणजे ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम. तो साधारण तीन-चार दिवसांचा असतो, त्यात पोहण्याची आणि १० मिनिटे तरंगण्याची चाचणी असते, आणि तो पूर्ण केल्यावर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. ज्याला चार दिवस काढणे शक्य आहे त्याने अभ्यासक्रमच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पहिल्या डायव्हमधला निम्मा वेळ स्वतःचे शरीर सांभाळण्यात जातो आणि समोरच्या प्रवाळाकडे डोळे भरून पाहणे राहून जाते.

आरोग्याविषयीचा प्रश्नपत्रक-अर्ज घाईत भरू नये. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची किंवा छातीची झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काहीही असल्यास ते लपवणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळणे आहे. अशा व्यक्तीने घरूनच डॉक्टरांचा लेखी सल्ला घेऊन निघावे. साध्या सर्दीकडेही दुर्लक्ष करू नये. मी एकदा नाक मोकळे करणारी गोळी घेऊन पाण्यात उतरलो. खाली जाताना काहीच त्रास झाला नाही, पण पाण्यात असतानाच गोळीचा परिणाम ओसरला आणि वर येताना कानातली हवा बाहेर पडेना. त्यानंतर आठ-दहा दिवस उजव्या कानाने कापूस घातल्यासारखे ऐकू येत होते. सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्ह नाही, हा नियम तेव्हापासून मी मोडलेला नाही.

परतीच्या विमानाचा हिशेबही आधीच करावा. दाबाखाली श्वसन करताना रक्तात आणि ऊतींमध्ये नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो; त्याआधीच विमानातील कमी दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा अधिक डायव्ह केले असल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. म्हणून डायव्ह सहलीच्या आरंभी किंवा मध्यावर ठेवावा, श्रीविजयपुरमहून, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून, विमान असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी नव्हे.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मात्र महिन्याइतकीच तिथीही पाहावी, आणि हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. पाणी जोरात चढते आणि उतरते, प्रवाह वाढतो, तळाची वाळू उचलली जाऊन पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा पाणी शांत आणि सहसा अधिक स्वच्छ मिळते. स्वराज द्वीपाच्या नेमो रीफसारख्या ठिकाणी किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरतात. तिथे ओहोटी पूर्ण लागली असेल तर गुडघाभर पाण्यातील प्रवाळांवर पाय पडण्याचा धोका असतो, त्यामुळे भरतीच्या आगेमागेची वेळ मागून घ्यावी.

साहित्य अंगावर चढवताना

मास्क चेहऱ्याला नीट बसतो की नाही हे पट्टा न लावता तपासावे. मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढला आणि हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप योग्य आहे. रबराच्या कडेखाली केसाची एक बट अडकली तरी पाणी झिरपते. भरघोस मिशा असलेल्यांना हा त्रास नक्की होतो; नाकाखालच्या मिशा थोड्या कातरणे किंवा तिथे पेट्रोलियम जेली लावणे हा त्यावरचा उपाय. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी किंवा लहान मुलांचा शॅम्पू चोळून काच हलकेच विसळावी.

पाण्याचे तापमान २७ ते ३० अंश असले तरी पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. पाऊण तासात थंडी वाजू लागते आणि थंडीने श्वास वेगाने होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा पातळ सूट मागावा. त्यामुळे उन्हापासूनही संरक्षण होते आणि अंगाला सनस्क्रीन फासण्याची गरज उरत नाही. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही सनस्क्रीनमधील द्रव्ये प्रवाळांना अपायकारक मानली जातात, आणि हवाई राज्याने तर २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

शिशाची वजने किती घ्यावीत याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत आणि काही ठिकाणी सोय म्हणून जास्तच वजन अडकवले जाते. जास्त वजनाचा माणूस पायांकडून खाली लोंबत राहतो आणि त्याचे फिन्स, म्हणजे पायांत घातलेले रबरी पंखे, प्रवाळांवर घासतात. हवा भरून किंवा सोडून तरंगणे सांभाळायच्या जॅकेटमधील, म्हणजे बीसीडीमधील, सर्व हवा काढून टाकावी आणि छातीभर श्वास घेऊन स्थिर राहावे. तेव्हा पाण्याची पातळी डोळ्यांपाशी आली आणि श्वास सोडल्यावर डोके सावकाश बुडाले, तर वजन योग्य आहे. मात्र भरलेल्या टाकीतील हवेलाही वजन असते. डायव्ह संपेपर्यंत सुमारे दोन किलो हवा वापरली जाते आणि अ‍ॅल्युमिनियमची टाकी तेवढी हलकी होते, त्यामुळे आरंभी ही तपासणी केली असल्यास दोन किलो वजन अधिक धरावे.

किनाऱ्यावरचा सराव

कमरेएवढ्या पाण्यात तीन कौशल्ये पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिले, टाकीतील हवा तोंडाशी पोहोचवणाऱ्या रेग्युलेटरमधून तोंडाने संथ श्वास घेणे. दुसरे, रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा लावणे, आणि तो बाहेर असताना ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहणे. तिसरे, मास्कमध्ये शिरलेले पाणी काढणे: मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून नाकाने श्वास सोडला की पाणी खालच्या कडेने निघून जाते. हे तिसरे काम अनेकांना घाबरवते. ते जमले नाही तर ‘आज नको’ म्हणण्यात कमीपणा नाही, आणि चांगला प्रशिक्षक त्यासाठी कधीही घाई करत नाही.

खुणांमध्ये एक खूण विशेष ध्यानात ठेवावी. अंगठा वर करणे याचा अर्थ आपल्याकडे ‘छान’ असा होतो, पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ ‘वर चला’ असाच होतो. सगळे ठीक असल्याचे सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. त्रास असेल तर हाताचा पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग त्रासाच्या जागेकडे, बहुधा कानाकडे, बोट दाखवायचे.

प्राणायाम करणाऱ्यांना येथे एक फायदा आहे आणि एक धोका. दीर्घ, संथ रेचकाची सवय पाण्यात फार उपयोगी पडते. परंतु कुंभक येथे पूर्णपणे वर्ज्य आहे. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आल्यास ती हवा फुफ्फुसाच्या नाजूक पडद्यांना फाडून रक्तात शिरू शकते, आणि भरल्या छातीने दीड मीटर वर येणेही त्यासाठी पुरेसे ठरू शकते. स्कुबातील सर्वांत महत्त्वाचा नियम कोणता असे विचारले तर तो हाच: श्वास कधीही रोखायचा नाही.

खाली उतरताना: कान

वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला जाताना कानांना दडे बसतात हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवलेले आहे. त्या सगळ्या चढणीत हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी बदलतो. समुद्रात केवळ एक मीटर खाली गेल्यावर दाब दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे घाटात अर्ध्या-पाऊण तासात कानावर जे घडते, त्याहून अधिक येथे काही सेकंदांत घडते. मध्यकर्णातील हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो आणि घशाकडून कानाकडे जाणारी युस्टेशियन नलिका उघडून तिथे हवा पोहोचवली नाही तर वेदना सुरू होते.

उपाय सोपा आहे, फक्त तो वेळेआधी करावा लागतो. मास्कच्या बाहेरून नाक चिमटीत धरावे आणि तोंड मिटून नाकाने अगदी हलकेच हवा बाहेर लोटावी. कानात ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. ही क्रिया पाण्याच्या पृष्ठभागावरच एकदा करावी आणि नंतर दर अर्ध्या मीटरला, दुखू लागण्याची वाट न पाहता, करत राहावी. ज्यांना यात अडचण येते त्यांनी नाक दाबून आवंढा गिळून पाहावा. उतरताना डोके वर आणि पाय खाली ठेवावेत, दोर असल्यास तो धरून एकेक हात उतरावे. एकच कान अडला असेल तर तो कान वरच्या बाजूला येईल अशी मान कलती करावी. दुखू लागलेच तर जोर लावू नये: नलिका त्या दाबाने अधिकच घट्ट मिटते आणि पडद्याला इजा होऊ शकते. अर्धा-एक मीटर वर यावे, थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा. तीन-चार प्रयत्नांनंतरही कान सुटला नाही तर त्या दिवसापुरता डायव्ह थांबवावा. पहिले तीन मीटर उतरायला पाच मिनिटे लागली तरी हरकत नाही. त्यापुढे काम सोपे होत जाते.

श्वासावर तरंगणे

पाण्याखाली ना वर जाणारे ना खाली जाणारे असे स्थिर राहता येणे ही स्कुबातील खरी विद्या आहे, आणि ती हातपाय मारून येत नाही. छाती भरली की शरीर वर जाते, रिकामी झाली की खाली येते. अडचण एवढीच की हा परिणाम लगेच दिसत नाही, श्वास घेतल्यानंतर एक-दोन सेकंदांनी दिसतो. नवखा माणूस त्या अवधीत बेचैन होतो, जॅकेटमध्ये हवा भरण्याचे बटण दाबतो, मग एकदम वर जाऊ लागतो, मग सगळी हवा काढून टाकतो आणि तळावर आपटतो. उथळ पाण्यात हे अधिक होते, कारण तिथे एक-दोन मीटरच्या फरकानेही जॅकेटमधील हवेचे आकारमान बरेच बदलते.

म्हणून बटणाचा एक छोटा स्पर्श करावा, दोन पूर्ण श्वास होऊ द्यावेत आणि मगच पुढचे ठरवावे. समोर प्रवाळाचा उंचवटा आला तर त्याच्या मीटरभर आधीच संथ श्वास आत घ्यायला सुरुवात करावी. उंचवट्यापाशी पोहोचेपर्यंत शरीर आपोआप उचलले जाते आणि पलीकडे श्वास सोडला की तितक्याच सहजतेने उतरते. हे ज्या दिवशी पहिल्यांदा जमते, तो दिवस विसरला जात नाही.

शरीर आडवे, हात पोटाशी जुळवलेले, पाय गुडघ्यात वाकवून बेडकासारखे बाजूने ढकललेले अशी स्थिती ठेवावी. सायकल चालवल्यासारखे पाय मारले तर पुढे जाणे होत नाही, वाळू मात्र उडते. चार-पाच मीटरवर लाटेची ओढ जाणवते आणि शरीर मागे-पुढे झुलते. त्याविरुद्ध झटापट न करता झोका जाऊ द्यावा आणि प्रवाळापासून किमान दीड मीटर अंतर राखावे.

प्रवाळाजवळ

लांबून जो दगड वाटतो त्याच्यासमोर मिनिटभर स्थिर राहून पाहावे. पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढ्या असंख्य वाट्या दिसतात. प्रत्येक वाटीत एक मऊ, जिवंत पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा एकेक चिमुकला जीव, असतो आणि त्याच्या ऊतींमध्ये राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवतात. प्रवाळ उथळ, स्वच्छ पाण्यातच दाट का वाढतात याचे उत्तर या भागीदारीत आहे. पाणी नेहमीपेक्षा अंशभरही अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले तर ही शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. अंदमानात २०१० मध्ये असे मोठ्या प्रमाणावर घडले. असा शुभ्र प्रवाळ सुंदर दिसतो, परंतु तो त्या वेळी उपाशी असतो. तो अजून मेलेला नसतो आणि पाणी निवले तर सावरूही शकतो, म्हणून त्याच्यापासून अधिकच दूर राहावे.

सांबरशिंगासारखे फांद्यांचे प्रवाळ वर्षाला १० सेंटिमीटरच्या आसपास वाढू शकतात, पण गोल धोंड्यासारखे पोराइट्स जातीचे प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटरच वाढतात. छातीएवढा उंच धोंडा दिसला तर तो शतकभराचा आहे असे समजावे. त्याला धरून फोटो काढणे, त्यावर गुडघा टेकणे, फिन्सने त्यावर वाळू उडवणे यांतील प्रत्येक गोष्टीने पॉलिपना इजा होते. पहिल्या काही डायव्हमध्ये कॅमेरा हाती घेऊ नये, असा माझा आग्रह आहे, कारण कॅमेरा हातात आला की श्वासावरचे लक्ष उडते.

पाहण्यासारखे पुष्कळ असते. सी अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या झुलत्या बोटांमध्ये राहणाऱ्या क्लाउनफिशच्या कुटुंबात सर्वांत मोठा मासा मादी असतो, आणि ती मेली तर सर्वांत मोठा नर मादी होतो. कुरकुर चावल्यासारखा आवाज ऐकू आला तर आसपास पॅरटफिश प्रवाळ खरवडत असेल. त्याच्या पोटातून बाहेर पडते ती बारीक पांढरी वाळू, किनाऱ्यावर आपण जिच्यावर चालतो तिच्यात तिचा मोठा वाटा असतो. पाण्यात वस्तू तिप्पट-चौपट नव्हे, पण एकतृतीयांशाने मोठ्या आणि त्या प्रमाणात जवळ दिसतात, हे लक्षात घेऊन अंतराचा अंदाज करावा. लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरांतच फिका पडतो, त्यामुळे फोटोंत दिसणारे भडक लाल प्रवाळ खाली निळसर-तपकिरी दिसले तर निराश होऊ नये.

हात न लावण्याचे आणखी एक कारण म्हणजे आपली स्वतःची सुरक्षितता. दगडासारखा निश्चल पडलेला स्टोनफिश आणि पंख्यासारखे पर मिरवणारा लायनफिश यांच्या काट्यांत विष असते. काटा लागल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. घरट्याची राखण करणारा मोठा ट्रिगरफिश अंगावर येतो. त्याची हद्द वरच्या दिशेने रुंदावत गेलेली असते, म्हणून वर न पळता आडवे पोहत दूर जावे.

हवेचा हिशेब आणि वर येणे

११ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण एक वातावरणाइतका दाब) सुमारे २,२०० लिटर हवा असते. त्यातील ५० बार राखीव धरल्यास वापरायला १,६५० लिटर उरते. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल तर आठ मीटरवर त्याला ३६ लिटर लागते, म्हणजे ही हवा सुमारे ४५ मिनिटे पुरते. घाबरून श्वास दुप्पट झाला तर वेळ निम्मा होतो. दाबमापक दर पाच मिनिटांनी पाहावा आणि १०० बारवर प्रशिक्षकाला खूण करून कळवावे.

वर येताना मिनिटाला नऊ मीटरहून अधिक वेग नसावा, श्वास चालूच असावा, जॅकेटमधील फुगत जाणारी हवा थोडी थोडी सोडत राहावी. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. होडीचे पंखे चालू आहेत का ते ऐकावे. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो, त्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे कळत नाही, म्हणून वर बघत आणि एक हात डोक्यावर धरूनच पृष्ठभागावर यावे.

मालवणविषयी थोडे

अंदमानपर्यंत जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी मालवण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. तिथे खोली कमी, दृश्यताही अंदमानपेक्षा कमी, आणि पावसाळ्यात समुद्र बंद. कानाचे आणि श्वासाचे नियम मात्र तेच. फोटोसाठी माशांना पाव घालण्याची प्रथा कुठे दिसली तर त्याला नम्रपणे नकार द्यावा, कारण प्रवाळावरील शेवाळ खाऊन तो मोकळा ठेवणारे मासे त्या पावाच्या मागे लागून आपले काम सोडतात.

बाहेर आल्यावर

भरपूर पाणी प्यावे, त्या दिवशी मद्य टाळावे आणि जड व्यायाम करू नये. सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या येणे, अंगावर चट्टे उठणे किंवा असाधारण थकवा यांपैकी काहीही काही तासांत जाणवल्यास प्रशिक्षकाला लगेच सांगावे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही उचलून आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार प्रवाळ संरक्षित आहेत, आणि विमानतळावर सामानात तुकडे सापडल्यास ते जप्त होऊन कारवाई होऊ शकते.

त्याच संध्याकाळी एका वहीत नोंद करावी: तारीख आणि तिथी, भरतीची वेळ, किती किलो वजन लावले, टाकीत आरंभी आणि शेवटी किती बार हवा होती, किती मिनिटे आणि किती खोल, कोणता कान अडला आणि कितव्या मीटरवर सुटला. पुढच्या डायव्हला नवा प्रशिक्षक भेटला की वहीचे हेच पान त्याच्यासमोर ठेवावे.